जाड, गोल आणि मराठी

भाईंदर पूर्वेला स्टेशनचा जिना उतरून नवघर रोडला लागलं की खाली चालायला जागा नसते आणि वर पाट्यांना. केकचं दुकान, त्याला खेटून मोबाइलची कव्हरं, मग चष्मे, मग स्टीलची भांडी. पहिल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग आणि दातांचा दवाखाना. दिवेलागणीला सगळ्या पाट्या जवळपास एकदमच पेटतात. लोकलमधून उतरलेला लोंढा त्या उजेडाखालून भाजी, दूध, मुलांची वह्या-पुस्तकं उचलत घराकडे सरकत राहतो. पाट्या कोणी मुद्दाम वाचत नाही, पण प्रत्येकाला त्या पाठ असतात.

त्या मुद्दाम वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. धंदा बदलला की अक्षराचं अंगही बदलतं. सोनाराच्या पाटीवर बारीक-जाड रेघांचं, टोकदार, सोनेरी अक्षर. दवाखाना आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्याकडे साधं, सरळ, मधल्या जाडीचं. वकील आणि नोटरी अजून जुन्या छापखान्याच्या वळणाला धरून आहेत. आणि जिथे काही गोड, गरम, मजेचं किंवा लहान मुलांचं विकायचं असतं, तिथे अक्षर हमखास जाड होतं आणि त्याचे कोपरे गोल होतात. आइस्क्रीम, फालुदा, मोमो, वडापाव, पाळणाघर, प्लेग्रुप, वाढदिवसाच्या सजावटीचं सामान. वाचता न येणाऱ्या पोरालाही लांबून कळावं की तिथे आपल्यासाठी काहीतरी आहे, असं ते अक्षर.

हे जाड-गोल अक्षर बघायला मिरा-भाईंदरइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. मिठागरं, आगरी-कोळी गावं आणि शेतं यांच्यामध्ये इमारती उभ्या राहत गेल्या आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मल्याळी, कोकणी मुसलमान, उत्तनच्या बाजूला ख्रिस्ती कोळी, असे सगळे एकाच बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदार. गाळे भाड्याने जातात, धंदे बदलतात, पाट्या उतरतात आणि नव्या चढतात. अक्षरांची नवी चाल इथे लवकर दिसते.

‘भाईंदर’ जाड करून पाहा

रोमन लिपीत जाड-गोल अक्षराला शंभर वर्षांची परंपरा आहे. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरचं ‘कूपर ब्लॅक’ १९२२ सालचं. त्याच्या फुगीर, मऊ वळणाने जाहिरातीचं जग भारून टाकलं. १९७९ मध्ये फोक्सवॅगन कंपनीसाठी ‘व्हॅग राउंडेड’ झालं आणि एकसारख्या जाडीचं, गोल टोकांचं अक्षर घरोघरच्या वस्तूंवर पोहोचलं. सव्वीस अक्षरं, ती मोठी आणि छोटी, शिवाय आकडे आणि विरामचिन्हं. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी सुटं उभं राहतं, शेजाऱ्याला चिकटत नाही.

देवनागरीचं तसं नाही. अक्षरं शिरोरेषेला बांधलेली. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं, मध्ये जोडाक्षरं. रेघ जाड करायची म्हणजे ह्या गर्दीतच आणखी जागा मागायची. म्हणून जाड अक्षर काढणाऱ्याचं सगळं लक्ष काळ्या रेघेपेक्षा तिच्या पोटातल्या आणि बाजूच्या पांढऱ्या जागेवर असतं.

‘भाईंदर’ हाच शब्द घेऊ. सुरुवातीलाच भ. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा? भ च्या डाव्या खांद्यावर शिरोरेषा तुटते आणि तिथे एक छोटं वळण येतं. रेघ नुसतीच जाड करत गेलं की ती फट बुजते आणि भाईंदरचं ‘माईंदर’ होतं. पुढे ई. तिच्या डोक्यावर आधीच रफारासारखी आकडी, आणि भाईंदरमध्ये त्या आकडीच्या शेजारी अनुस्वारही बसतो. बाकी अक्षर जाड असताना टिंब बारीक ठेवलं तर ते शाईचा शिंतोडा वाटतं. टिंब जाड केलं तर ते आकडीला जाऊन चिकटतं. मग आकडी थोडी आखूड करायची, टिंब उजवीकडे सरकवायचं, आणि दोन्हींमध्ये लांबून दिसेल एवढी पांढरी चीर राखायची. द च्या पोटाची पोकळी आणि खाली निघणारी शेपटी यांच्यातही हेच भांडण. र मात्र मुळात अरुंद. बाकीची अक्षरं गुबगुबीत झाली की र उपाशी दिसतो, त्याला मुद्दाम अंग द्यावं लागतं. एवढं सगळं चार अक्षरी शब्दात.

ब आणि व यांची अवस्था याहून नाजूक. दोघांमध्ये फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट आधीच लहान, त्यात ही रेघ जाड झाली की ब काळा गोळा होतो. ष आणि प यांचं तेच. घ आणि ध हे तर डाव्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा वळणावर वेगळे राहतात. आणि मराठीचा खास ऱ्य, ‘कचऱ्याचा’ किंवा ‘दुसऱ्या’ मधला. त्याच्या आडव्या भुवईला जाड अक्षरात नीट जागा करून देणं हे ज्याला मराठी लिहिता येतं त्यालाच सुचतं. हिंदीपुरता विचार करून काढलेल्या कितीतरी टंकांत (फॉन्टमध्ये) हा ऱ्य कसाबसा कोंबलेला असतो.

त्यामुळे मुरलेले अक्षरकार जाड टंकात जागोजागी जाडी चोरतात. दोन रेघा जिथे मिळतात तिथे एक रेघ हळूच निमुळती करतात, म्हणजे सांध्यात काळा डाग साचत नाही. शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा किंचित बारीक ठेवतात, कारण एकाच मापाच्या दोन रेघांपैकी आडवी रेघ डोळ्याला अधिक जाड वाटते. अक्षर रुंद करतात. गाठी लहान करतात. आणि टोकं गोल करतात. गोलाई निव्वळ गोडव्यासाठी नसते; कोपरा गेला की तेवढी हवा मोकळी होते. मात्रेचं टोक शेजारच्या वेलांटीवर आपटत नाही, उकाराचा शेवट पुढच्या अक्षराच्या पायाला लागत नाही.

शिवाय गोल टोकाच्या रेघेशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. पोथ्यांचं अक्षर बोरूच्या तिरक्या कापातून आलं, म्हणून त्यात बारीक-जाड रेघ आणि धारदार टोक. पण बालवाडीतलं पहिलं अक्षर पाटीवरच्या पेन्सिलीने उमटतं: सगळीकडे सारखी जाडी, टोकाला गोल. फळ्यावरचा खडूही तशीच रेघ सोडतो. प्लेग्रुपच्या पाटीवर जाड-गोल अक्षर इतकं सहज शोभतं त्याचं एक कारण इथे असावं.

मोदक आणि बलू

भाईंदरच्या पाट्यांवर हल्ली दिसणाऱ्या या वळणाचं एक उगमस्थान मुंबईतच आहे. ‘एक टाइप’ हा अक्षरकारांचा गट सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी आणि नूपुर दातये यांनी उभा केला. दळवी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवतात. देवनागरी अक्षराच्या अवयवांची शास्त्रशुद्ध मांडणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या गटाचा ‘मुक्त’ हा टंक आज असंख्य मराठी संकेतस्थळांवर मजकुरासाठी वापरला जातो. पण पाट्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत त्यांचे दोन लठ्ठ टंक.

पहिला ‘मोदक’, २०१५ चा. देवनागरी अक्षर सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं. नाव अगदी चपखल, कारण अक्षर सारणाने तट्ट भरलेल्या उकडीच्या मोदकासारखं आहे आणि पाकळ्यांच्या जागी बारीक पांढऱ्या चिरा आहेत. पोकळी अशी जवळजवळ उरलेलीच नाही. रेघ आणि रेघ एकमेकींवर रेलतात आणि मधल्या केसाएवढ्या फटीवरून डोळा अक्षर ओळखतो. देवनागरी किती जाड होऊ शकते याचा अंत पाहणारा हा प्रयोग होता, आणि तो साधला. फुटभर उंचीच्या अक्षरात मोदक बघत राहावा असा दिसतो.

दुसरा ‘बलू’, २०१६ चा. रड्यार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचं नाव. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची मालिका बघत वाढलेल्या पिढीला हे अस्वल वेगळं सांगावं लागत नाही. एक योग इथे नोंदवण्यासारखा आहे. किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला तो जे. जे. कलाशाळेच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत होते. त्याच आवारातल्या उपयोजित कला संस्थेतून पुढे मराठी अक्षरकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या.

बलू मोदकाइतका टोकाचा नाही. तो जाड आहे, पण त्याच्या पोटात श्वास घेण्यापुरती जागा आहे. कडेची उगाच निघालेली टोकं, कंगोरे त्याला नाहीत. वळणं मऊ, तरी सगळी टोकं एका साच्यातून काढल्यासारखी गोल नाहीत. काही ठिकाणी हलकी धार ठेवली आहे. करणाऱ्यांनीही त्याचं वर्णन असंच केलं: अंगावर मऊ केस, पण पंजांना टोक. ही धार महत्त्वाची. सगळंच गुळगुळीत झालं की अक्षर साबणाच्या वडीगत हातातून निसटतं आणि घ, ध, छ एकमेकांत मिसळतात. आधी बलू एकाच जाडीत होता. नंतर ‘बलू २’ आला तो साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनांत. तेव्हापासून पाटीवरचं नाव आणि खालची ‘आमच्याकडे ऑर्डरप्रमाणे केक मिळतील’ ही ओळ एकाच कुळातल्या अक्षरांत लिहिता येऊ लागली.

दोन्ही टंक खुल्या परवान्याचे. कुणीही फुकट उतरवून घ्यावेत, धंद्याच्या पाटीवर वापरावेत, लागल्यास बदलावेतही. नुसता टंक सुटा विकता येत नाही, एवढीच मुख्य अट. कोपऱ्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानासाठी ही गोष्ट सौंदर्याइतकीच निर्णायक ठरली.

यापूर्वी मराठीत जाड-गोल अक्षरं नव्हती असं मुळीच नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवावीत. एकेका शीर्षकाला त्यांनी स्वतंत्र देह दिला, त्यात गुबगुबीतही आले आणि काटेरीही. ‘किशोर’ मासिकाच्या पानांवर चित्रकारांनी हाताने काढलेली खट्याळ शीर्षकं वाचत कितीतरी मुलं मोठी झाली. पण ते अक्षरलेखन. तिथे नाटकाच्या नावात जेवढी अक्षरं, तेवढ्यांचीच सोय लावायची. टंक करणाऱ्याला अजून कुणी न लिहिलेल्या शब्दांचीही तयारी ठेवावी लागते. ‘क्ष्म’ कुठल्या तरी लक्ष्मी स्वीट्सला लागणार, ‘द्ध’ सिद्धिविनायक ड्रायफ्रूट्सला आणि ‘ट्ट’ कट्टा कॅफेला. देवनागरीच्या एका चांगल्या टंकात म्हणून शेकडो आकार काढावे लागतात. शेडग्यांचं काम कमी अवघड होतं असा याचा अर्थ नाही. फरक हा की त्यांचं अक्षर त्यांच्याकडे जाणाऱ्यालाच मिळत होतं, आणि हे भाईंदरच्या मोमोवाल्यालाही मिळतं.

ऑपरेटरच्या पडद्यावर

पाटी ठरते ती फ्लेक्सच्या दुकानात, ऑपरेटरच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर नाव पाठवतं, बहुधा रोमन लिपीत. सोबत कुठल्या तरी दुसऱ्या दुकानाच्या पाटीचा फोटो आणि ‘असंच पाहिजे, फक्त मोठं’. माप फुटांत, दर चौरस फुटाने. फोटो, देव, फोन नंबर, पदार्थांची चित्रं आणि नाव, सगळं त्या मापात बसवायचं. नावाच्या वाट्याला जागा येते ती उरलेली.

इथे मराठीचे हाल दोन प्रकारे होतात.

एक म्हणजे जुन्या टंकांची सवय. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकचे ‘सुरेख’, ‘योगेश’ यांसारखे टंक यांच्या जोरावर महाराष्ट्रातली डीटीपी उभी राहिली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या काळच्या पद्धतीत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तोच मजकूर दुसऱ्या टंकात नेला की इंग्रजी चिन्हांचा चिवडा. बलू, मोदक युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, चालतात. आणि पाट्या आखायच्या कोरलड्रॉ या प्रोग्रॅमच्या ज्या जुन्या आवृत्त्या अनेक दुकानांत अजून चालतात, त्यांना युनिकोड मराठीची जोडाक्षरं झेपत नाहीत. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे पडते. ‘मिरा’ लिहायला जावं तर वेलांटी म सोडून र ला जाऊन टेकते. ऑपरेटर वैतागतो आणि परत ओळखीच्या टंकाकडे वळतो. ज्यांना युक्ती माहीत आहे ते नाव दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाइप करतात, पीडीएफ करतात आणि अक्षरांच्या रेघा करून कोरलमध्ये आणतात. बलूच्या अनेक पाट्या भिंतीवर चढल्या त्या या आडवाटेनेच.

दुसरा हाल जास्त दिसतो: खोटी जाडी. हाताशी असलेल्या मधल्या जाडीच्या अक्षराला त्याच रंगाची बाह्यरेषा द्यायची, ती वाढवत न्यायची, कोपऱ्यांना गोल करायची आज्ञा द्यायची, झालं जाड-गोल अक्षर. बाहेरून ते गोल दिसतं, पण बाह्यरेषा आतही तेवढीच पसरते. पोकळ्या बुजतात, भ ची फट जाते, ब आंधळा होतो. मग ते अक्षर जागेत मावावं म्हणून ताणायचं. आडवं ताणलं की उभे दंड फुगतात आणि शिरोरेषा तेवढीच राहते. अक्षर बसकं होतं. दाबलं की दंड काडीसारखे आणि शिरोरेषा तुळईएवढी. नवघर रोड असो की मीरा रोड स्टेशनसमोरची रांग, वाचताना डोळा अडखळतो अशा मराठी पाट्यांतल्या बऱ्याच या ताणण्या-दाबण्याने बिघडलेल्या असतात. त्याच पाटीवर इंग्रजी नाव मात्र ऐटीत उभं असतं, कारण ते कुणीतरी जाडच काढलेलं असतं. ते जाड करावं लागलेलं नसतं. पाटीवर मराठीचा मान राखणं ज्याला म्हणतात, ते पडद्यावरच्या या दोन मिनिटांत जमतं किंवा बिघडतं.

राउटर, अ‍ॅक्रिलिक, दिवे

फ्लेक्स स्वस्त, पण ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत फिका पडतो. धंदा जम धरू लागला की दुकानदार उठावाच्या अक्षरांकडे वळतो. मागे एसीपीची (अॅल्युमिनियमच्या संमिश्र फळीची) शीट, तिच्यावर अ‍ॅक्रिलिकची पोकळ अक्षरं आणि आत एलईडी. जाड-गोल अक्षराचा पसारा वाढण्यामागे आवडीइतकाच या कामाचाही हात आहे.

अक्षर कापतं ते राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर फिरणारं यंत्र. त्याचा बिट गोल फिरतो, त्यामुळे आतला काटकोन त्याला कापताच येत नाही. बिटच्या जाडीएवढी गोलाई तिथे राहतेच. टोकदार अक्षर दिलं तर बाहेरचे कोपरे धारदार आणि आतले गोल, असं विजोड अक्षर हातात येतं. मुळातच गोल असलेलं अक्षर जसं पडद्यावर तसंच शीटवर उतरतं. विनाईल कापतानाही तेच: बारीक टोक सोलताना उचकटतं, आणि भिंतीवर लागल्यावरही आधी तेच सुटतं.

मग दिवे. एलईडीची मॉड्यूल पट्टी बसायला रेघेला पुरेशी रुंदी लागते. बारीक रेघेत ती मावत नाही, मावली तरी उजेडाचे ठिपके बाहेरून मोजता येतात. जाड रेघेत उजेड पसरायला जागा मिळते आणि अक्षर एकसंध उजळतं. मराठीत आणखी एक सोय होते. शिरोरेषेमुळे सगळा शब्द जोडलेला, त्यामुळे वायरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आतल्या आत नेता येतं. इंग्रजीच्या प्रत्येक सुट्या अक्षराला मागून वेगळी वायर काढावी लागते. पण सुटा अनुस्वार, वेगळी राहिलेली मात्रा, खालचा उकार ही मराठीची पिल्लं स्वतंत्र बनवून स्वतंत्र बसवावी लागतात. चौपाटीकडच्या वाऱ्यात आणि पहिल्या मोठ्या पावसात आधी पडतं ते टिंब. शहरात कित्येक पाट्या अनुस्वार गळालेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं उभ्या आहेत.

पेटलेलं अक्षर दिवसाच्या अक्षरापेक्षा जाड दिसतं, हे मात्र पुष्कळ जण विसरतात. उजेड कडेबाहेर सांडतो आणि पांढऱ्या चिरा खाऊन टाकतो. कागदावर सुरेख दिसणारा मोदक रात्री दिव्यांत नुसतं उजेडाचं ढेकूळ होऊ शकतो. त्यासाठी बलूची मधली वजनं अधिक भरवशाची. जाणते कारागीर अक्षर अर्ध्या वजनाने हलकं घेतात आणि उरलेली जाडी दिव्याला भरू देतात.

भाई, दा, थंबी, चेट्टन

बलूच्या कुळाची खरी गंमत त्याच्या भावंडांत आहे. देवनागरी बलू, आणि बाकी लिप्यांसाठी त्या त्या भाषेतली भावाची हाक: गुजरातीला ‘बलू भाई’, बंगालीला ‘बलू दा’, गुरुमुखीला ‘बलू पाजी’, तमिळला ‘बलू थंबी’, मल्याळमला ‘बलू चेट्टन’, कन्नडला ‘बलू तम्मा’, तेलुगूला ‘बलू तम्मुडू’, ओडियाला ‘बलू भैना’. अरबी लिपीसाठी ‘बलू भाईजान’. नऊ भारतीय लिप्या, सोबत रोमन, आणि सगळ्यांचा बांधा एक.

ही यादी एखाद्या कार्यालयात बसून केली असेल, पण ती वाचताना मीरा रोडचा शांतीनगरचा बाजार डोळ्यांपुढे येतो. एका ओळीत फरसाणवाला, केरळी बेकरी, पंजाबी ढाबा, बंगाली मिठाई. एकाच दुकानाची पाटी दोन-तीन लिप्यांत असणं इथे नवं नाही. आणि प्रत्येक लिपी वेगळ्या टंकातून उचललेली असली की पाटीवर भांडण दिसतं: इंग्रजी लठ्ठ, गुजराती मधली, मराठी काडीपैलवान.

एका बांध्याचे टंक वापरले तरी काम संपत नाही. गुजराती आणि मराठी अक्षरं एकमेकांची सख्खी, पण गुजरातीला शिरोरेषा नाही. सारख्याच जाडीत काढली तरी मराठी ओळ अधिक काळी आणि भरगच्च दिसते, गुजराती मोकळी. नयानगरच्या बाजूला उर्दू पाट्या आहेत. उर्दू वाचणाऱ्याचा डोळा नस्तालिकच्या उतरत्या वळणाला सरावलेला, तिथे आडव्या बैठकीचं जाड अक्षर परकं वाटू शकतं. प्रत्येक लिपीचा मान तिच्या अंगाने राखावा लागतो.

पाट्यांचा प्रश्न या शहरात निव्वळ देखणेपणाचा राहिलेला नाही. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, असंही कायद्यात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि फ्लेक्सवाल्यांकडे कामाची रीघ लागली. मग २०२५ चा जून-जुलै. मीरा रोडला एका दुकानात मराठी बोलण्यावरून वाद होऊन मारहाण झाली, व्यापारी रस्त्यावर आले, पाठोपाठ ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला, आणि काही दिवस सगळा महाराष्ट्र या शहराकडे बघत होता.

कायदा अक्षराची उंची मोजू शकतो, घडण मोजू शकत नाही. घाईत चढलेल्या कित्येक पाट्यांवर मराठी नाव मापाला पुरेसं मोठं आहे, पण इंग्रजीखाली उरलेल्या पट्टीत ताणून बसवलेलं, ऱ्य मोडलेला, श आणि ल हिंदी वळणाचे. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा आदेश काढून मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल सांगितला; अनेक नव्या टंकांत मजकुराची भाषा मराठी ठेवली की हे आकार आपोआप येतात. ही गोष्ट ऑपरेटरला कुणी सांगितलेली नसते. मराठी पाटीसाठी भांडणाऱ्यांनी एवढं जरी दुकानादुकानांत जाऊन शिकवलं, तरी शहरात फिरताना तो बदल डोळ्यांना दिसेल. आपल्या दुकानाचं नाव देखणं असावं असं गुजराती किंवा मारवाडी दुकानदारालाही मराठी पाटीबद्दल वाटू शकतं, वाटतंही. त्याला नमुना दाखवणारा कुणी हवा असतो.

जिथे ते शोभत नाही

आवडलं म्हणून सगळीकडे लावलं, असं या अक्षराचं झालं आहे. श्रद्धांजलीच्या फलकावर मोदक दिसतो. औषधाच्या दुकानात ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’ ही सूचना फुगीर अक्षरात असते आणि ती कुणाला गंभीर वाटत नाही. सोसायटीच्या फाटकावरची नियमांची बारा कलमं एकदा अतिजाड वजनात लागली की चौथ्या कलमानंतर ओळी एकमेकींत मिसळतात. जाड अक्षर हाक मारायला उत्तम, लांबलचक सांगायला नाही. दोन-चार शब्द, मोठ्या आकारात, हे त्याचं राज्य.

वेगालाही एक मर्यादा आहे. काशीमिऱ्याजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्याला फलक वाचायला काही सेकंद मिळतात. तिथे अतिजाड अक्षरापेक्षा मधल्या जाडीचं, पोकळ्या उघड्या असलेलं अक्षर लवकर वाचलं जातं. दिशादर्शक फलक जगभर त्याच तत्त्वावर होतात.

आणि शहराच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या किनाऱ्यावर, संगणकाशिवायही हे अक्षर जिवंत आहे. शाकारलेल्या बोटी नव्या मोसमाआधी रंगतात तेव्हा पेंटर दोरीने दोन आडव्या रेघा पाडून घेतो आणि त्यांच्यामध्ये बोटीचं नाव भरतो: देवाचं, संताचं, आईचं. फळ्यांच्या वळणावर ब्रश टेकून गोल टोकाची, भरीव रेघ ओढतो, वर दुसऱ्या रंगाची सावली देतो. खारं पाणी रंगाच्या बारीक कडा आधी खातं, म्हणून जाड रेघ तग धरते. अनुस्वार तो शेवटी देतो, ब्रश पूर्ण भरून, एकाच दाबात. राउटरवाल्याला वेगळा कापून चिकटवावा लागणारा तो ठिपका इथे अक्षराचाच भाग होऊन बसतो. पाट्यांच्या धंद्यात नवीन आलेल्या पोरांनी एकदा इथे येऊन पेंटर भ ची फट कशी राखतो ते पाहावं, आणि मग आपल्या पडद्यावर नाव टाइप केल्यावर त्याचा खऱ्या मापाचा एक कागदी प्रिंट काढून रस्त्यापलीकडून वाचून बघावा. कागदाचा खर्च पाटीच्या मानाने काहीच नसतो. ब आणि व तिथेच वेगळे दिसले तर पुढे शीट कापायला हरकत नाही.